परसातली खसखस आणि गावाची अळीमिळी

दसरा उलटला की घरोघर अनारशाचे तांदूळ भिजत पडतात आणि किराणा दुकानातून खसखशीच्या पुड्या सुटू लागतात. याच दिवसांत रानात हरभरा-करडईची पेरणी चाललेली असते आणि परसात मेथी-कोथिंबिरीचे वाफे पडत असतात. ही वेळ अशी जुळून येते, त्यामुळे एक प्रश्न अधूनमधून आमच्याकडे येतो. या वेळी तो एका वाचकाने पत्रातून सरळच विचारला आहे. खसखस फार महाग झाली, घरच्यापुरते दोन वाफे लावले तर चालेल काय, बी दुकानातलेच टाकावे की कृषी सेवा केंद्रातून आणावे, आणि पेरणीची माहिती या पानावर छापाल काय?

पेरणीची माहिती आम्ही देणार आहोत, पण खसखशीची नव्हे. खसखशीबद्दलचे उत्तर आधी ऐकून घ्या. दोन वाफे चालत नाहीत, एक वाफा चालत नाही, खिडकीतली कुंडीसुद्धा चालत नाही. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी. ते पेरले तर उगवते ते अफूचे झाड. तुमच्या मनात अनारसे असोत की आणखी काही, झाडाला ते कळत नाही आणि कायदाही ते सहजी ऐकून घेत नाही.

आपल्या भाषेत खसखस पिकते ती हसण्याची. शेतात पिकली तर रडण्याची पाळी येते. हे गमतीने लिहीत नाही. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, ज्याला पोलीस 'एनडीपीएस' म्हणतात, त्याच्या कलम ८ ने अफूच्या झाडाची लागवड सरकारी परवान्याशिवाय बंद केली आहे. कलम १८ खाली लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. किती गुंठे लावली म्हणजे गुन्हा, अशी खालची मर्यादा लागवडीला लावलेली नाही. 'घरगुती वापर' नावाची सवलत त्यात नाही.

मग दुकानात खसखस उघड कशी विकतात, असे तुम्ही म्हणाल. रास्त प्रश्न आहे. कायद्याने अफूच्या वाळल्या झाडाचे सगळे भाग, म्हणजे बोंडे, देठ, त्यांचा चुरा, बंदीच्या यादीत धरले. फक्त बी वगळले. बियात नशा नाही असे धरून ते मसाल्यात मोकळे सोडले. म्हणून पुडी घरात असणे गुन्हा नाही, अनारशाला लावणे गुन्हा नाही, पण तीच पुडी ओल्या वाफ्यात रिकामी करणे हा गुन्हा आहे. खायला मोकळे आणि पेरायला बंद, असे दुसरे बी आपल्या स्वयंपाकघरात शोधून सापडायचे नाही. म्हणूनच माणूस फसतो. मेथी पेरतो, धणे पेरतो, मोहरी पेरतो, मग खसखशीने काय घोडे मारले? आणि पुडीवर याबद्दल बहुधा एक ओळही नसते. वजन, किंमत, मुदत सगळे छापतात. 'पेरू नये' एवढे दोन शब्द छापायला कितीशी शाई लागते? अन्न खात्याने हे मनावर घ्यावे असे आम्हाला वाटते.

आता कोणी म्हणेल, मी अजाणता लावली, कोर्टात तसे सांगेन. सांगा, पण कलम ३५ आणि ५४ वाचून ठेवा. इतर गुन्ह्यांत आरोपीचा हेतू वाईट होता हे सरकारला सिद्ध करावे लागते. इथे उलटे आहे. तुम्ही कसलेल्या जमिनीत अफूचे झाड उभे दिसले की गुन्ह्याचा हेतू होता असे कोर्ट धरून चालते. तो नव्हता, हे तुम्ही शाबीत करायचे, आणि तेही वाजवी शंकेला जागा न उरेल इतके. 'साहेब, आम्ही तर खसखस लावली होती' हे वाक्य अशा प्रकरणांत नेहमी ऐकू येते. २०१२ साली बीड जिल्ह्यात परळीच्या बाजूला अफूची शेते सापडली तेव्हा राज्यभर गवगवा झाला. त्यानंतरही मका, ऊस, कांदा-लसूण यांच्या आड अफू सापडल्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतातच. त्यातले सगळेच भोळे नसतात हे आम्हाला ठाऊक आहे. बाहेरचा कोणी येतो, बी देतो, उचल देतो, 'औषधी पीक आहे, माल मीच नेणार' म्हणतो. धाड पडते तेव्हा तो गावात नसतो. सातबारा ज्याच्या नावावर आहे तो असतो. जमीन बटईने दिली आणि बटईदाराने हे उद्योग केले तरी, मालकाला माहीत असून त्याने चालू दिले असेल तर कलम २५ खाली तोही त्याच शिक्षेचा धनी होतो.

इथवरचे बहुतेकांनी थोडेफार ऐकलेले असते. या लेखाचा खरा रोख पुढच्या भागावर आहे, आणि तो सरपंच, पंच, पोलीस पाटील, तलाठी (आताच्या नावाने ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) या मंडळींनी जरा सावकाश वाचावा.

याच कायद्यात कलम ४६ आणि ४७ अशी दोन छोटी कलमे आहेत. पहिले जमीनधारकासाठी आहे. आपल्या जमिनीत बेकायदा अफू किंवा गांजा लावला गेला आहे असे कळताच त्याने ताबडतोब पोलिसांना किंवा कायद्यात सांगितलेल्या खात्याच्या अधिकाऱ्याला खबर द्यायची. जाणूनबुजून दिली नाही तर तो शिक्षेस पात्र. दुसरे कलम सरकारी अधिकारी, पंच, सरपंच आणि 'कोणत्याही वर्णनाचा' गावकामगार यांच्यासाठी आहे. कोणत्याही जमिनीत अशी लागवड झाल्याचे त्यांच्या कानावर किंवा नजरेस आले की ताबडतोब खबर. नाही दिली तर तेही शिक्षेस पात्र. म्हणजे शेत दुसऱ्याचे, पीक दुसऱ्याचे, आणि गप्प बसल्याबद्दल जबाबदार तुम्ही. किती सरपंचांना हे माहीत आहे? निवडून आल्यावर चेकवरची सही, कामांचे ठराव, घरकुलांच्या याद्या यांची माहिती दोन दिवसांत होते. या कलमाची माहिती करून घ्यायला पाच वर्षे पुरत नाहीत.

गावातली अडचण आम्हाला कळत नाही असे नाही. बांधाला बांध लागून आहे. ज्याच्या शेतात ती झाडे दिसली त्याच्या पोरीच्या लग्नात आपण अक्षता टाकल्यात. पोलिसांना सांगितले तर वैर, न सांगितले तर आपणच अडकायचे. मग अळीमिळी गुपचिळी. 'मी त्या बाजूला गेलोच नाही' असे म्हणणे सोपे पडते. त्यात २०२१ पासून पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून नोंदवायची झाली. पूर्वी तलाठ्याने बांधावर येऊन पीक पाहावे असा नियम तरी होता. तो किती पाळला जाई हे तुम्हीही जाणता आणि आम्हीही, पण निदान नियम होता. आता बांधावर यायला निमित्तच कमी राहिले.

आमचे म्हणणे असे की वैर फेब्रुवारीत बोंडे धरल्यावर येते, ऑक्टोबरात येत नाही. बी मातीत पडण्याआधी सांगितले तर ते चाडी-चुगली नव्हे, गावकीचे काम आहे. २ ऑक्टोबरची ग्रामसभा रब्बीच्या तोंडावर येते. तिच्यात पाच मिनिटे या विषयाला द्यावीत आणि ठरावाच्या वहीत तशी नोंद करावी. यंदाची सभा झाली असेल तर चावडीच्या फळ्यावर लिहा, मंदिराच्या भोंग्यावरून सांगा, गावाच्या व्हॉट्सॲपवर टाका. कृषी सहाय्यक हरभऱ्याच्या घाटेअळीची माहिती सांगायला येतात तेव्हा त्यांनीही एक वाक्य जोडावे. बचत गटाच्या बायकांना तर आधी सांगावे, कारण परस त्यांच्या ताब्यात असते आणि खसखशीची पुडीही.

आणि समजा, सांगायच्या आधीच काही उगवले? अनारशाची परात जिथे विसळली त्या मोरीपाशी चार झाडे आली, कोणी टाकली ते कोणालाच ठाऊक नाही, असे होऊ शकते. आपोआप उगवणे आणि लागवड करणे यात फरक आहे, पण तो फरक दाखवायची पाळी तुमच्यावर येते हे वर सांगितलेच. अशा वेळी रात्रीतून उपटून उकिरड्यावर टाकू नका. पोलीस पाटलांना बोलवा, ठाण्यात लेखी अर्ज द्या, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, आणि त्यांच्यासमोर पंचनामा होऊन झाडे नष्ट होऊ द्या. ठाण्यात जायच्या आधी तालुक्याच्या ओळखीच्या वकिलाला विचारलेत तर उत्तमच. पाटलांनीही अशा माणसाला आधी दरडावायचे सोडून अर्ज लिहायला मदत करावी. जो स्वतःहून येतो त्याला गुन्हेगारासारखे वागवले तर दुसरा कोणी येणार नाही.

परवाना काढून लावू, असेही कोणी विचारते. महाराष्ट्रात तो मिळत नाही. केंद्र सरकार ठरवील त्याच भागात, आणि सरकारच्याच खाती, हे पीक घेता येते. मध्य प्रदेशात मंदसौर, नीमच, रतलाम. राजस्थानात चित्तोडगड, प्रतापगड, झालावाड. आणि उत्तर प्रदेशातला बाराबंकीचा पट्टा. परवाना ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोच्या यंत्रणेकडून मिळतो आणि तोही काही आरांपुरता, म्हणजे आपल्या भाषेत पाच-दहा गुंठ्यांचा हिशेब. अधिकारी येऊन टेप लावून क्षेत्र मोजतात. पारंपरिक पद्धतीत बोंडांना दुपारी चिरा देतात, रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडतात, आणि गावचा नेमलेला मुखिया रोजच्या रोज त्याचे वजन वहीत मांडतो. सगळा माल सरकारने ठरवलेल्या भावाने सरकारलाच घालायचा. त्यातून नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत औषधासाठी लागणारा कच्चा माल होतो. उत्पन्न ठरल्यापेक्षा कमी भरले तर पुढच्या साली परवाना जायची धास्ती, आणि परवानेवाल्याने अफू परस्पर विकली तर त्याला किमान दहा वर्षे. तिकडच्या शेतकऱ्याला बोंडांवर येणाऱ्या पोपटांचीसुद्धा राखण करावी लागते. लांबून हे पीक सोन्याचे दिसते, जवळून पाहिले तर नाकापेक्षा मोती जड.

आता पत्र लिहिणाऱ्या वाचकाची मागणी. पेरणीची माहिती हवी होती ना? खसखस नसली तरी त्याच कुळातली शोभेची पॉपी परसात लावता येते, आणि आपल्याकडच्या हिवाळ्यात ती फार देखणी येते. देशावर, मराठवाड्यात, विदर्भात कोरड्या थंडीत चांगली साधते. कोकणच्या दमट हवेत तितकीशी नाही.

बी घेताना डोळे उघडे ठेवा. 'शर्ले पॉपी' किंवा 'कॉर्न पॉपी', शास्त्रीय नाव पॅपॅव्हर ऱ्हिआस, ही घ्यावी. 'कॅलिफोर्निया पॉपी' ही नारिंगी फुलांची, तिचे शास्त्रीय घराणेच वेगळे, तीही चालते. पण पाकिटावर सोम्निफेरम हा शब्द दिसला तर तिथेच परत करा, मग चित्र कितीही गोंडस असो. हल्ली मोबाईलवरून मागवलेल्या बियाण्यांत 'पिओनी पॉपी', 'ब्रेडसीड पॉपी' अशी नावे असतात. ती अफूच आहे, फक्त परदेशी नावाची. 'ओरिएंटल' नावाची बहुवर्षायू जात आपल्या उन्हाळ्यात तगत नाही आणि तिच्या चिकातही औषधी अर्क असतात, तेव्हा तिच्याही वाटेला जाऊ नये. नावच नसलेले, हातावर मोजून दिलेले सुटे बी तर मुळीच नको.

झाड ओळखायचे कसे, हे परसवाल्याने आणि पोलीस पाटलांनी दोघांनीही ध्यानात ठेवावे. अफूचे पान जाड, गुळगुळीत, कोबीच्या पानासारखे निळसर-पांढुरके आणि देठाशिवाय दांड्याला मिठी मारल्यासारखे असते. झाड कमरेच्या वर जाते, फूल पांढरे किंवा जांभळट-गुलाबी, आणि बोंड लिंबाएवढे किंवा त्याहून मोठे, डोक्यावर मुकुट असलेले. शर्लेचे पान हिरवे, बारीक चिरलेले, आणि दांडी-कळी दोन्ही ठिकाणी राठ लव. बोंड बोराएवढेसुद्धा होत नाही. कॅलिफोर्नियाचे पान शेपूसारखे, आणि तिला गोल बोंडच नसते, लांबट शेंग असते. एकदा शेजारी शेजारी चित्रे पाहिली की पुन्हा चूक होत नाही. शर्ले जातीची गोष्टही छान आहे. १८८० च्या सुमारास इंग्लंडात शर्ले गावच्या विल्यम विल्क्स नावाच्या धर्मगुरूला शेताच्या कडेला तणात उगवलेल्या तांबड्या पॉपीत पांढऱ्या कडेचे एकच फूल दिसले. त्याने त्याचे बी धरले आणि वर्षानुवर्षे निवडत निवडत हे वाण केले. बांधावरच्या तणातून वाण निघते ते असे.

पेरणी कोजागिरीनंतर, रात्री गार पडू लागल्यावर, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. जागा दिवसभर उन्हाची आणि निचऱ्याची. काळी चिकण माती असेल तर वाफा वीतभर उंच करून त्यात वाळू आणि चाळलेले शेणखत मिसळा. पाणी साचले की रोप मुळाशी कुजलेच. युरियाचा मोह नको, नुसता पाला माजतो आणि फूल मागे पडते.

बी फार बारीक, एका ग्रॅममध्ये हजारो दाणे. तसेच फेकले तर एका कोपऱ्यात घोस उगवतो. मूठभर कोरड्या बारीक वाळूत चिमूटभर बी कालवा आणि तीळ भुरभुरावेत तसे ओल्या वाफ्यावर टाका. वर माती लोटू नका. इथेच बहुतेकांचे चुकते. हे बी उजेडाला उगवते, खोल गेले की तसेच पडून राहते. पडून राहते म्हणजे किती, तर वर्षानुवर्षे. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या रणांगणावर तोफांनी जमीन उलथली आणि जुने बी वर येऊन सारी राने तांबडी झाली, ती हीच पॉपी. तेव्हा बी टाकून फळीने हलके दाबा, एवढे पुरे. पाणी बारीक भोकांच्या झारीने, नाहीतर फवाऱ्याने. पाटाचे पाणी सोडले तर बी वाहून कडेला जमते. मुंग्या फिरत असतील तर त्यांचा आधी बंदोबस्त करा.

दहा-पंधरा दिवसांत केसासारखी रोपे दिसतात. दोन-तीन पानांवर आली की विरळणी करा, दोन झाडांत वीतभर अंतर ठेवा. काढलेली रोपे दुसरीकडे लावायचा लोभ धरू नका. हिचे सोटमूळ नाजूक असते, एकदा हलले की रोप मान टाकते. म्हणूनच वाफ्यात करून लावायची रीत इथे चालत नाही, जिथे फूल हवे तिथेच बी. पुढे आठवड्यातून एक-दोन पाणी, मधूनमधून खुरपणी. मावा दिसला तर निंबोळी अर्क. जानेवारीच्या अखेरीपासून फुले धरतात. एक फूल दिवस-दोन दिवसच टिकते, पण रोज नवी कळी मान वर करते. वाळलेली फुले खुडत राहिलात तर महिनाभर वाफा हसता राहतो. मधमाश्या सकाळीच येतात; कांद्याचे बी धरणाऱ्यांना शेजारी हा वाफा असला तर बरे. एप्रिलच्या उन्हात झाड आपोआप आटोपते.

बांधावरच्या पिवळ्या धोत्र्याबद्दलही कोणी विचारील. काटेरी पानांचे, पिवळ्या फुलांचे हे मेक्सिकोहून आलेले तण याच कुळातले. त्याला या कायद्याची आडकाठी नाही, पण त्याचे काळे बी मोहरीसारखे दिसते आणि मोहरीत मिसळले तर तेल विषारी होते. १९९८ साली दिल्लीत अशा भेसळीच्या तेलाने सूज येऊन साठाच्या घरात माणसे दगावली. फुलाच्या मोहात ते राखू नका, बी धरायच्या आत उपटा.

शर्लेचे बी पुढच्या सालासाठी ठेवायचे तर दोन-चार चांगल्या झाडांची बोंडे राखा. पिकली की तपकिरी होतात, हलवली की खुळखुळतात, आणि वरच्या झाकणाखाली बारीक भोके उघडतात. तेव्हा कापून कागदी पाकिटात उलटी धरा. पाकिटावर जात आणि साल लिहा. बियाण्याचे मूळ पाकीट आणि पावतीही फेकू नका. बोंडे धरली की कोणीतरी विचारायला येणारच, आणि पाटील आले तर त्यांना पाकीट दाखवा, पान हातात देऊन लव दाखवा, चहा पाजा. विचारायला आल्याचा राग मानू नका. ते कलम ४७ चे काम करताहेत.